तेवीस वर्षांखालची टीम आणि तीन सीनियर

एशियाडमधल्या पुरुष फुटबॉलची गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. 2002 पासून इथे देशाचा मुख्य संघ खेळतच नाही. खेळतात 23 वर्षांखालची पोरं, सोबत फक्त तीन मोठे खेळाडू. (हांगझोऊचं एशियाड वर्षभर लांबलं, म्हणून तिथे मर्यादा 24 झाली.)

या तिघांत कोण घ्यायचं, यावरच खरं डोकं लागतं. 2018 ला कोरियाने सोन ह्युंग-मिनला घेतलं. सुवर्ण मिळालं तर जवळपास दोन वर्षांच्या सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट, नाहीतर ऐन भरात प्रीमियर लीग सोडायची! फायनलला समोर जपान, तेही 21 वर्षांखालचा संघ घेऊन आलेलं. नव्वद मिनिटं 0-0. जादा वेळेत कोरियाचे दोन गोल, दोन्ही सोनच्या पासवर. 2-1.

आपलं दुखणं वेगळं. एशियाडसाठी खेळाडू सोडायचं क्लबवर बंधन नाही. 2023 ला आयएसएल तोंडावर, त्यामुळे संघ कसाबसा जमला आणि थकलेल्या पायांनी चीनकडून 1-5 हरला. तरी बाद फेरी गाठली, बांगलादेशविरुद्ध छेत्रीच्या पेनल्टीमुळे. तेव्हा तो 39 वर्षांचा होता!