दोन ते पाच शब्दांची मुभा

परकीय भाषेच्या अध्ययनात एक मजल अशी येते की, तेथवर पोहोचलेल्या माणसास अडाणी म्हणवत नाही आणि जाणकारही म्हणवत नाही. वर्तमानपत्र त्यास कळते, कचेरीतला पत्रव्यवहार तो निभावून नेतो, वरिष्ठांशी बोलताना अडखळत नाही. परंतु त्याचे पानभर लेखन कोणी बारकाईने तपासावयास घेतले, की गळालेले उपपद, चुकलेला काळ, नको तेथे शिरलेले शब्दयोगी अव्यय असे किरकोळ परंतु चिवट दोष ओळीओळीतून डोके वर काढू लागतात. युरोप परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या ज्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या, त्यांत ही चौथी. तिला बी-टू म्हणतात. माझ्या पाहण्यात जे विद्यार्थी वर्षानुवर्षे खोळंबून राहिले, ते बहुधा याच पायरीवर.

पुण्याच्या एका जुन्या पेठेत, नोकरदारांसाठी संध्याकाळी भरणाऱ्या वर्गात मागल्या बाकावर बसून मी ही मेहनत पाहत असतो. परदेशी नोकरीची उमेद धरलेली एक परिचारिका तेथे येते, बँकेतला एक कारकून येतो, अभियांत्रिकीची पदवी घेतलेले दोघेतिघे येतात. नियम सर्वांनाच पाठ आहेत. कित्येकांच्या घरी रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण वडिलांच्या काळापासून आहे. त्यांतले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ या साहसकथेमुळे गाजले, ही गोष्ट मात्र ते व्याकरण घोकणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच गावी असते.

केंब्रिजच्या या पातळीच्या परीक्षेत वाचन आणि भाषाप्रयोग यांची मिळून एक प्रश्नपत्रिका असते. मुदत सव्वा तासाची, प्रश्न ५२. त्यांतल्या सहाच प्रश्नांचा एक प्रकार या वर्गाचा निम्मा वेळ खाऊन टाकतो. एक वाक्य छापलेले असते, त्याखाली ठळक अक्षरांत एक शब्द, आणि त्याखाली त्याच अर्थाचे, परंतु मध्ये जागा सोडलेले दुसरे वाक्य. दिलेला शब्द यत्किंचितही फेरफार न करता वापरून ती जागा भरावयाची, आणि भरताना त्या शब्दासह कमीत कमी दोन व जास्तीत जास्त पाच शब्दांचीच मुभा. संक्षिप्त रूप लिहून एक शब्द वाचवू पाहणाऱ्याची डाळ शिजत नाही. ‘हॅडन्ट’ हे तेथे दोन शब्दच मोजले जातात.

त्या दिवशीचे वाक्य असे होते की, पाऊस पडला म्हणून आम्ही गडावर गेलो नाही. दिलेला शब्द ‘इफ’. दुसऱ्या वाक्याचा आरंभ ‘वी वुड हॅव गॉन अप द फोर्ट’, शेवट ‘रेन्ड’, आणि मधली जागा रिकामी. परिचारिकेने लिहिले, ‘इफ इट वुड नॉट हॅव’. शब्द मोजले तर बरोबर पाच. म्हणजे मर्यादेचा पहारेकरीही तिला हटकीना. हवे होते ते ‘इफ इट हॅड नॉट’. तिला नियम ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. विचारताच तिने तो धडाधडा म्हणून दाखविला.

“मॅडम, नियम तोंडपाठ आहे हो, पण लिहिताना हात ऐकत नाही.”

“मनात मराठी वाक्य कोणतं होतं, ते सांगा आधी.”

“पाऊस पडला नसता, तर आम्ही गडावर गेलो असतो.”

“आता नीट ऐका. पडला नसता, गेलो असतो. आपल्याकडे दोन्ही अंगांना एकच रूप लागतं, म्हणून तुम्ही तिकडेही ‘वुड’ दोन्हीकडे वाटलंत. मराठीच्या हिशेबानं चोख आहे. पण हे दप्तर दुसऱ्या सरकारचं.”

मला हा विवेचनाचा प्रकार फार मोलाचा वाटतो. या पायरीवरचा दोष अज्ञानातून उद्भवत नाही. तो मातृभाषेच्या शिस्तीतून, तिच्याशी राखलेल्या इमानातून उद्भवतो. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो’ यात आपला साधा वर्तमानकाळ निर्धास्तपणे दहा वर्षे पेलतो; इंग्रजीला तेथे पूर्ण काळाचा आधार लागतो. उलट ‘मी कालच आलो आहे’ असे आपण सहज म्हणतो, आणि ‘काल’ हा शब्द आला की इंग्रजी तोच पूर्ण काळ वर्ज्य करते. ‘आई म्हणाली की मी उद्या येते’ या वाक्यात आईचे बोल जसेच्या तसे राहतात. इंग्रजीत त्यांतला ‘मी’ बदलतो, क्रियापद भूतकाळात ढकलले जाते आणि ‘उद्या’देखील ‘दुसऱ्या दिवशी’ होऊन बसतो. उपपदांची गोष्ट तर बोलावयासच नको. जी वस्तू आपल्या भाषेत मुळी नाही, तिची उणीव कानाला जाणवावी कशी?

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर एकेकाळी महाराष्ट्रातल्या कित्येकांचे इंग्रजी पोसले गेले. त्यांत विद्यार्थ्याला दोन्ही भाषा शेजारी ठेवाव्या लागत. पुढे भाषांतरपद्धतीची हेटाळणी सुरू झाली, आणि वर्गात मराठी शब्द उच्चारणे हाच अपराध मानणारे गुरुजन निपजले. प्रारंभीच्या विद्यार्थ्यापुरते त्यांचे म्हणणे मी मान्य करीन. परंतु चौथ्या पायरीवर मराठीला दाराबाहेर उभे करणे म्हणजे साक्षीदारास हाकलून खटला चालविणे होय.

शब्दसंग्रहाचे दुखणे थोडे निराळे. आपले ‘करणे’ सर्व कामांस पुरते. इंग्रजीत गृहपाठास ‘डू’ आणि चुकीस ‘मेक’, आणि याला कारण विचारण्यात अर्थ नाही. चर्चा आपण एखाद्या गोष्टीविषयी करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ आपोआप येऊन बसते. जपानात इंग्रजी शिकविताना हॉर्नबी यांनी हे ओळखले होते की, परकीयाची अडचण शब्दाच्या अर्थाइतकीच त्याच्या योजनेचीही असते. १९४२ साली टोकियोत निघालेल्या त्यांच्या कोशात कोणत्या क्रियापदापुढे कोणती रचना चालते याचा तपशील म्हणूनच आला. या वर्गातल्या वह्यांतही आताशा सुटा शब्द टिपलेला दिसत नाही, जोडीदारासह सबंध प्रयोग टिपलेला असतो, आणि त्याखाली पेन्सिलीने त्याने हुसकावून लावलेला मराठी वळणाचा चुकीचा प्रयोग.

अशा चालीने एका बैठकीत सहा प्रश्नदेखील पुरे होत नाहीत. शेजारच्या वर्गात तेवढ्या वेळात दोन अख्ख्या प्रश्नपत्रिका सुटतात, आणि त्याबद्दल आमच्या बँकेतल्या कारकुनाने एकदा कुरकुर करून पाहिली. मॅडमनी त्यास पुढचे वाक्य फळ्यावर लिहावयास बोलाविले, आणि आधी मराठीत सांगा म्हणाल्या.