घरातील बिटकॉइन-यंत्र
पुतण्याने तळहाताएवढे ‘बिटअ‍ॅक्स’ आणले. वायफाय जोडले, वॉलेटचा पत्ता भरला आणि एकल खनन सुरू झाले. वीज सुमारे १५ वॅट, म्हणजे महिन्याला अकरा युनिट. “काका, नफ्यातून आणखी दहा घेऊ!”

मी हिशेब मांडला. सरासरी दर दहा मिनिटांनी जगात एकच विजेता, त्यास ३.१२५ बिटकॉइन, इतरांस शून्य. या यंत्राची पाळी सरासरीने हजारो वर्षांनी येणार. आलीच, तर विक्रीच्या उत्पन्नावर ३० टक्के कर. वीजखर्चाची वजावट नाही.

“हे यंत्र जरूर ठेव,” मी म्हणालो, “पण नोंद भांडवलात नको, शिक्षणखर्चात कर.”

त्याने वही उघडली. दहा यंत्रांची रक्कम दुकानाच्या मालातच राहिली.