समानार्थी इंग्रजी शब्दांची निवड
लेखांक ५ : सरस्वती महालातील दोन कोश

शब्दाचा अर्थ अवगत होणे निराळे आणि त्याचे स्थान अवगत होणे निराळे, हे ध्यानात येण्यास तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाइतके उपयुक्त स्थळ क्वचितच सापडेल. कारण दुसरे सर्फोजी राजे यांनी समृद्ध केलेल्या या संग्रहात, मोडी दफ्तरे आणि संस्कृत पोथ्या यांच्या सान्निध्यात, अमरकोशही आहे आणि डॉक्टर जॉन्सन यांच्या इंग्रजी कोशाची १७८४ सालची प्रतही आहे.

या दोन ग्रंथांची रीत परस्परविरुद्ध. अमरसिंहाने एकेका वस्तूची सर्व नावे श्लोकांत एकत्र गुंफली. जॉन्सन यांनी १७५५ साली प्रत्येक शब्द वर्णानुक्रमे पृथक् मांडला आणि थोर ग्रंथकारांची एक लाखाहून अधिक अवतरणे देऊन तो कोणाच्या मुखी, कोणत्या प्रसंगी शोभतो हे दाखविले. पुढे १८५२ साली रॉजे यांनी इंग्रजी शब्दांचा अर्थानुसारी संग्रह सिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत अमरकोशाचा निर्देश केला, ही आपल्याला अभिमानास्पद गोष्ट होय. विद्यार्थ्याने शब्द जमवावेत ते अमराच्या रीतीने. निवाडा मात्र जॉन्सनच्या रीतीनेच करावा.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. सर्फोजींचे गुरू, पाद्री श्वार्ट्झ, हे जन्माने जर्मन. म्हणजे गुरू आणि शिष्य दोघांनाही इंग्रजी परकीच. तथापि १७९८ साली श्वार्ट्झ निवर्तल्यावर राजांनी त्यांच्या समाधिशिलेसाठी इंग्रजीत पद्य रचले आणि त्यात ‘हंबल’ व ‘वाइज’ ही विशेषणे योजिली. ‘हंबल’च्या जागी ‘मॉडेस्ट’ का चालले नसते? ‘मॉडेस्ट’ माणूस आपल्या गुणांची वाच्यता करीत नाही, पण ते गुण स्वतःपाशी आहेत हे तो मनोमन जाणत असू शकतो. ‘हंबल’ माणूस परमेश्वरासमोर आणि मनुष्यांसमोर स्वतःला लहानच मानतो. धर्मोपदेशकाला ‘हंबल’ हाच शब्द साजतो. तसेच ‘वाइज’चे. १७७९ साली कंपनी सरकारने हैदर अलीच्या दरबारी हेच श्वार्ट्झ वकील म्हणून पाठविले होते; नुसत्या ‘क्लेव्हर’ मनुष्याला वाटाघाटीत डाव साधता आला असता, परंतु ज्याच्या शब्दावर प्रतिपक्षही विसंबतो त्याच्या ठायी केवळ हुशारी नसते, विवेक असतो, आणि तो ‘वाइज’मध्येच आहे.

अशा शब्दांत पुष्कळदा कुळाचाही भेद असतो. विनंती, प्रार्थना आणि अर्ज यांपैकी कोणता शब्द वडीलधाऱ्यांपाशी, कोणता देवापाशी आणि कोणता कचेरीत न्यावा हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही; इंग्रजीतही जुने देशी, फ्रेंच आणि लॅटिन असे तीन प्रवाह मिसळले असल्याने ‘किंग्ली’, ‘रॉयल’ आणि ‘रीगल’ हे तिन्ही शब्द ‘राजकीय’, ‘राजस’ अशा एकाच ओळीत बसवून भागत नाही. राजपदाचे, राजघराण्याचे जे असेल ते ‘रॉयल’. डोळ्यांत भरणारा राजवैभवाचा थाट तो ‘रीगल’. राजाला शोभेल असे शील व औदार्य ते ‘किंग्ली’. १७९९ च्या करारनाम्याने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे मुख्यतः किल्ला उरला. तरी वाडा ‘रॉयल’ राहिला, दरबार ‘रीगल’ राहिला. परंतु धन्वंतरी महालातील औषधोपचार, देवनागरी मुद्रणालय आणि देशोदेशींहून आणविलेले ग्रंथ यांबद्दल लिहिणाऱ्याने, माझ्या मते, निःशंकपणे ‘किंग्ली’ हाच शब्द उचलावा.