गुण आहेत, मग मुले थांबतात कोठे?

खेड्यातली एखादी मुलगी बारावी विज्ञान शाखेत ७८ टक्के गुण मिळवते आणि पुढच्या वर्षी कोणत्याच महाविद्यालयात दिसत नाही. ग्रामीण भागातल्या बहुतेक शिक्षकांना हा अनुभव आहे. कारण विचारले की दोन ठराविक उत्तरे मिळतात : गरिबी आणि घरच्यांची अनास्था. दोन्ही खोटी नाहीत. पण ती इतकी मोठी आहेत की त्यांच्यापुढे शिक्षकाला काही करता येईलसे वाटत नाही. या लेखात एक तिसरे कारण पाहू. ते लहान आहे, म्हणूनच हाताळता येण्यासारखे आहे.

बारावी ते विद्यापीठ ही एक उडी नाही, ती पायऱ्यांची रांग आहे. कोणती प्रवेश परीक्षा द्यायची हे कळणे, मुदतीत अर्ज भरणे, दाखले गोळा करणे, प्रवेशफेरीत पसंतीक्रम लिहिणे, शिष्यवृत्ती, वसतिगृह, वगैरे. समजा अशा दहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर शंभरातली नव्वद मुले पार होतात. शेवटी किती उरतील? ०.९ ही संख्या दहा वेळा घेऊन गुणाकार केला तर उत्तर सुमारे ०.३५ येते, म्हणजे फक्त पस्तीस मुले. प्रत्येक पायरीवरचे यश ९५ टक्क्यांवर नेले, तर साठ उरतात. (येथे प्रत्येक पायरी स्वतंत्र धरली आहे. प्रत्यक्षात एकाच मुलाला सगळीकडे अडचण येते, पण कल्पना येण्यापुरते हे गणित ठीक आहे.)

या पायऱ्यांवर मदत केल्याने खरोखर फरक पडतो का, हे प्रयोगाने तपासले गेले आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन अर्थसाहाय्यासाठी जो सरकारी अर्ज भरावा लागे त्यात शंभरावर प्रश्न असत. बेटिंजर, लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ओहायो आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत, प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून देणाऱ्या कंपनीच्या कार्यालयांत एक प्रयोग केला. तेथे आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. एका गटाचा अर्ज तिथल्या कर्मचाऱ्याने समोर बसून भरून दिला. त्याला दहा मिनिटेही लागत नसत. दुसऱ्या गटाला किती मदत मिळू शकेल आणि जवळच्या महाविद्यालयांचे शुल्क किती, एवढीच माहिती दिली. तिसऱ्या गटासाठी विशेष काही केले नाही.

पुढच्या तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलांचे प्रमाण पहिल्या गटात २८ वरून ३६ टक्क्यांवर गेले. नुसती माहिती मिळालेल्या गटात फरक दिसला नाही.

हा दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे माजी विद्यार्थ्याने गावाचे ऋण फेडायचे म्हणजे काय, तर करिअर मार्गदर्शन शिबिर! शाल, श्रीफळ, तासभर भाषण आणि शेवटी आभारप्रदर्शन. भाषणाने हुरूप येतो, पण अर्ज भरला जात नाही. अमेरिकेत पुढे सुमारे ७ लाख ८५ हजार विद्यार्थ्यांना महाविद्यालय निवडीची माहिती पाठवून पाहिली; २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याचा एकूण प्रवेशांवर परिणाम आढळला नाही.

मात्र माहिती कशी दिली जाते यालाही अर्थ आहे. मिशिगन विद्यापीठाने गरीब पण हुशार विद्यार्थ्यांना, त्यांच्या पालकांना आणि मुख्याध्यापकांना पत्रे पाठवली : प्रवेश मिळाला तर चार वर्षे शुल्क लागणार नाही, त्यासाठी वेगळा अर्ज नको. अशा बहुतेक मुलांना एरवीही मदत मिळालीच असती. नवी होती ती खात्री. अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण २६ वरून ६७ टक्के झाले आणि प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे १२ वरून २७.

आता आपल्या शाळेकडे वळू. समोर बसून अर्ज भरून घेणारा माणूस आणायचा कोठून? माझ्या मते तो वर्षातून काही आठवडे शाळेतच असतो. तो म्हणजे बी.एड.चा छात्राध्यापक. २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात वीस आठवडे शाळेत काम करणे आले. यांतले कित्येक जण स्वतः खेड्यातून, घरातले पहिले पदवीधर म्हणून आलेले असतात. कोणत्या खिडकीवर कोणता कागद परत येतो, हे त्यांना ताजे आठवते. आम्हा वयस्कांना ते आठवत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले, ते खेड्यातला मुलगा शिक्षक होऊन खेड्यातच शिकवू लागावा म्हणून. कल्पना नवी नाही.

जात वैधता प्रमाणपत्राचेच घ्या. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ते लागते आणि मिळायला महिने लागू शकतात. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातीजमातींना १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतो. ते रजिस्टर काढून नोंद शोधणे हे पालकाला डोंगराएवढे काम, शाळेत बसलेल्या छात्राध्यापकाला एका दुपारचे. मात्र ते मूल अकरावीत असतानाच व्हायला हवे. नावाचेही तसेच. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, आणि बँक खाते आधारशी जोडलेले नाही, एवढ्यावर शिष्यवृत्ती अडकते. अर्ज सायबर कॅफेत भरला तर मोबाइल क्रमांक कोणाचा घातला हेही विचारावे. दुकानदाराचा असेल, तर पुढचे सगळे निरोप आणि ओटीपी त्याच्याकडे जातात.

विज्ञानाच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला अकरावीत ‘त्वरण’ एकदम ‘ॲक्सिलरेशन’ होऊन भेटते. कल्पना तीच असते, पण ती हरवल्यासारखी वाटते. दहावीच्या शेवटच्या महिन्यात दोनेकशे शब्दांची जोडयादी मुलांकडूनच करून घ्यावी. गणित सोडू पाहणाऱ्यालाही कोणती दारे बंद होतील ते त्याच वेळी सांगावे. सोडायचे की नाही हे त्याने ठरवावे. आपली अपुरी राहिलेली स्वप्ने छात्राध्यापकाने मुलांवर लादू नयेत.

राहिला निकालानंतरचा काळ. शाळा म्हणते आमचे काम संपले, महाविद्यालय म्हणते अजून सुरू झाले नाही. अमेरिकेत प्रवेश निश्चित केलेल्यांपैकी १० ते २० टक्के विद्यार्थी याच उन्हाळ्यात गळतात, असे कॅसलमन आणि पेज यांनी दाखवले आहे. आपल्याकडेही प्रवेशफेऱ्या याच दिवसांत चालतात, आणि छात्राध्यापकाचे शाळेतले आठवडे तोवर संपलेले असतात. म्हणून शाळा सोडण्यापूर्वी त्याने चार-पाच मुलांचे दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावेत. चाळीस नकोत, चाळिसांचा पाठपुरावा होत नाही.