धडधड, गोळी आणि ऊसतोडीचा हंगाम

दिवाळी सरते न सरते तोच नंदुरबार जिल्ह्यातल्या खांडबाऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवर गाठोडी बांधली जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रक येतो आणि नवरा-बायकोचा एकेक ‘कोयता’ दक्षिण गुजरातेतल्या उसाच्या फडांकडे निघतो. परतायचं ते उन्हाळ्यात. चिंताविकारावरच्या औषधांचा आढावा मला या ट्रकपासूनच सुरू करावासा वाटतो, कारण त्यातली बहुतेक चांगली औषधं सहा महिने ते वर्षभर न चुकता घ्यावी लागतात.

‘चिंताविकार’ हा शब्द दवाखान्यात कुणी उच्चारत नाही. बाई म्हणते, छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, रात्री डोळा लागत नाही. अहिराणी बोलणारा म्हणतो, “जीव घाबरस.” मावची असो की गुजराती, तक्रार शरीराचीच असते. मग सलाईन लागतं, ताकदीचं इंजेक्शन मिळतं, दोन दिवस बरं वाटतं. काही जण आधी भगताकडे जाऊन आलेले असतात, आणि त्यावरून रागावणाऱ्या डॉक्टरला पुढची हकीकत ऐकायला मिळत नाही.

धडधडीला लगेच मनाचं नाव देणंही चूक आहे. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल आणि रक्तक्षय दोन्ही भरपूर आहेत. रक्त कमी असलं की छाती धडधडते, दम लागतो. थायरॉइड वाढलं तरी हात थरथरतात. हिमोग्लोबिन, सिकलसेल आणि शक्य असेल तिथे थायरॉइड तपासल्यावरच मनाच्या गोळीचा विचार करावा.

गोळ्यांचा इतिहास आपल्याकडूनही जातो. सर्पगंधेच्या मुळीचा मानसिक आजारात आणि रक्तदाबात उपयोग होतो, असं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष छापले, आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातून काढलेलं रेसर्पिन काही वर्षं मनोरुग्णांनाही दिलं गेलं. पुढे त्याने काहींना उदासी येते असं दिसलं आणि ते मागे पडलं. 1960 मध्ये लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून लिब्रियम बाजारात आलं, 1963 मध्ये व्हॅलियम. आजच्या अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्या त्याच घराण्यातल्या.

या घराण्याबद्दल सविस्तर बोलायला हवं. गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात छाती शांत होते. रात्रभर तडफडलेल्या माणसासाठी हे मोठंच सुख, आणि डॉक्टरचीही त्यात वाहवा होते. पण काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय लागते, आणि महिनोन् महिने घेऊन एकदम थांबवली तर धडधड दुपटीने उसळते. काहींना झटकेही येतात. म्हातारी माणसं तोल जाऊन पडतात. मोहाच्या दारूबरोबर ती पोटात गेली तर श्वास मंदावून जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या मार्गदर्शनात चिंताविकाराच्या नेहमीच्या उपचारासाठी ही औषधं वापरू नयेत असं सांगितलं. चिंतेच्या तीव्र झटक्यात फार तर 3 ते 7 दिवस. आपल्याकडे अल्प्राझोलम आणि डायझेपाम 2014 पासून ‘एच-वन’ परिशिष्टात आहेत, म्हणजे दुकानदाराने चिठ्ठी पाहून वहीत नोंद करायची आणि ती नोंद तीन वर्षं जपायची. कायदा चांगला आहे. वही मात्र प्रत्येक काउंटरवर भरली जाते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरी वाट सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांची: फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटिन. पहिली निवड यांचीच असते. सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता, उलट वाढलेली धडधड दिसू शकते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस तिसऱ्या दिवशी पाकीट फेकून देतो. म्हणून कमी मात्रेने सुरुवात करावी. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे बारीक लक्ष हवं, कारण आत्महत्येचे विचार वाढण्याची शक्यता असते.

खांडबाऱ्याच्या हिशेबाने मी यातून फ्लुऑक्सेटिन पुढे ठेवीन. ते शरीरातून जायला बरेच दिवस लागतात. ट्रकमध्ये दोन दिवस गोळी चुकली तरी फारसं बिघडत नाही. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन एक-दोन दिवस चुकलं तरी चक्कर, डोक्यात झिणझिण्या, चिडचिड सुरू होते. गोळ्या संपल्या आणि गावाचा दवाखाना दूर राहिला तर त्या माणसाने काय करायचं? मोठ्या शहरातला डॉक्टर एस्सिटॅलोप्रॅम निवडेल, आणि त्याच्या जागी ते बरोबरही असेल.

फ्लुऑक्सेटिनच्या बाजूने गोव्याचा दाखला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या, चिंता-उदासीने त्रस्त 450 जणांवर केलेला अभ्यास 2003 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटिन घेणाऱ्यांना नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त गुण होता. तिथे दिलेल्या समुपदेशनाने तेवढा दिसला नाही. पुढे 2010 मध्ये त्यांच्याच ‘मानस’ प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांना सरकारी आरोग्य केंद्रांत बसवलं, आणि तिथले रुग्ण जास्त प्रमाणात बरे झाले. आपल्या आशाताईंकडे पाहिलं की मला हा प्रयोग आठवतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. प्रोप्रॅनोलॉल थरथर आणि धडधड आवरतं, मूळ काळजी नाही. दम्याच्या रुग्णाला ते देऊ नये. बुस्पिरोनची सवय लागत नाही, पण ते सावकाश काम करतं. हायड्रॉक्सिझिनने झोप येते, आणि कोयता चालवणाऱ्याला दिवसा झापड परवडत नाही.

दोन गोष्टींची मला खरी काळजी वाटते. एक, एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून विकण्याची चाल. पहिलं वर्षभर चालवायचं, दुसरं काही दिवसांत थांबवायचं; एकत्र असतील तर थांबवणार कसं? दुसरी, दुखण्याच्या गोळ्या. मोळ्या वाहून कंबर मोडते आणि फडात वेदनाशामक खाल्ले जातात. ट्रामाडॉलचा सेरोटोनिनच्या औषधांशी धोकादायक संयोग होऊ शकतो, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्याबरोबर पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. डॉक्टरने पाठीबद्दल विचारलंच पाहिजे.

निमहान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत सामान्य मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या पंच्याऐंशींपर्यंत उपचार पोचत नव्हता. त्यात महाराष्ट्र नव्हता. शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी चित्र वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

म्हणून वेळेचा हिशेब धरावा. औषध पोळ्याच्या सुमारास सुरू झालं तर पहिल्या आठवड्यांचा त्रास गावातच निभावतो, मात्रा बसते, दिवाळीपर्यंत झोप परत येते. निघण्याच्या आठवड्यात सुरू केलेली गोळी बहुधा गुजरातेतल्या बार्डोलीच्या वाटेवरच सुटते. निघताना निदान दोन महिन्यांच्या गोळ्या आणि एक चिठ्ठी सोबत हवी: औषधाचं मूळ नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, मराठीत आणि गुजरातीतही. खाली 14416 हा टेली-मानसचा क्रमांक लिहावा. ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मोफत आहे, आणि फोन गुजरातेतूनही लागतो. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रेशनकार्डाबरोबर गाठोड्यात तळाशी ठेवली की फडातल्या दवात भिजत नाही.