अमीर अब्दुल कादिर व दमास्कसचे ख्रिस्ती

मुसलमान आणि ख्रिस्ती ह्या दोन धर्मसमाजांचा इतिहास सांगावयास घेतला म्हणजे बहुधा लढायांचीच यादी डोळ्यांपुढें उभी राहते. जेरुसलेमसाठीं झालेलीं धर्मयुद्धें, १४५३ सालीं पडलेलें कॉन्स्टँटिनोपल, १४९२ सालीं पडलेलें ग्रनाडा, हीं नांवें शाळेंतील मुलांनाहि पाठ असतात. परंतु ह्याच दोन समाजांनीं एकमेकांशीं बोलण्याचा, दिलेला शब्द पाळण्याचा आणि प्रसंगीं एकमेकांचे प्राण वाचविण्याचाहि एक इतिहास आहे. त्याचा गाजावाजा कमी झाला, एवढेंच. त्या इतिहासांतील एक प्रकरण आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचें आहे. दोन धर्मांच्या माणसांत खरा संवाद व्हावयाचा तर प्रत्येकानें आपला धर्म थोडा सैल केला पाहिजे, अशी एक समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हें ह्या प्रकरणावरून पाहतां येईल.

अब्दुल कादिर ह्याचा जन्म १८०८ सालीं अल्जीरियाच्या पश्चिम भागांत, मस्कारा शहराजवळ, कादिरी पंथाच्या एका सूफी घराण्यांत झाला. १८३० सालीं फ्रेंचांनीं अल्जियर्स घेतलें आणि पुढें दोनच वर्षांनीं पश्चिमेकडील टोळ्यांनीं ह्या तरुण विद्वानाला आपला अमीर निवडलें. त्यानंतर पंधरा वर्षें तो फ्रेंचांशीं लढत होता. तें युद्ध मोठें निर्दय होतें. १८४५ सालीं दाहराच्या गुहांत आश्रयासाठीं शिरलेल्या शेंकडों बायकामुलांना व पुरुषांना फ्रेंच सैन्यानें तोंडाशीं जाळ करून धुरानें गुदमरवून मारलें. उलटपक्षीं, १८४६ सालीं अमीर दूर असतांना त्याच्या छावणींतील फ्रेंच कैद्यांची कत्तल झाली. तेव्हां हा संवाद कोणा दोन स्वस्थ पंडितांनीं सावलींत बसून केला, असें कोणी समजूं नये.

ह्या संवादाचा आरंभ एका पत्रानें झाला. अल्जियर्सचा पहिला बिशप द्युप्युश ह्याच्याकडे एका फ्रेंच कैद्याची पत्नी रडत आली. बिशपनें अमीराला पत्र लिहून त्या एका माणसाची सुटका मागितली. अमीराचें उत्तर आलें, त्यांत सौम्य शब्दांत एक ठपका होता. धर्मगुरूनें एकाच कैद्यासाठीं कां रदबदली करावी? सर्वच ख्रिस्ती कैद्यांसाठीं करावयास नको होती काय? आणि फ्रेंचांच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या मुसलमानांचाहि विचार त्याच पत्रांत आला असता, तर तें बिशपच्या पदाला अधिक शोभलें नसतें काय? असा त्या उत्तराचा आशय होता. बिशपला राग आला नाहीं. त्याला तें पटलें. १८४१ सालीं दोन्ही बाजूंच्या कैद्यांची अदलाबदल झाली. येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. अमीरानें बिशपला त्याचा धर्म सोडावयास सांगितलें नाहीं. तो पूर्णपणें पाळावयास सांगितलें.

१८४७ च्या डिसेंबरांत अमीरानें शस्त्र खालीं ठेवलें. आपणांस अलेक्झांड्रियास किंवा आक्रा येथें जाऊं द्यावें, ही त्याची अट फ्रेंच सेनापतीनें मान्य केली होती. परंतु तो शब्द फ्रान्सनें पाळला नाहीं. तूलाँ, पो व शेवटीं आँब्वाज येथील किल्ल्यांत त्याला परिवारासह सुमारें पांच वर्षें कोंडून ठेवण्यांत आलें. त्या काळांत त्याच्यासाठीं उघडपणें लेखणी उचलणारा माणूस तोच बिशप द्युप्युश होता. १८४९ सालीं त्यानें अमीराच्या बाजूनें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. १८५२ सालीं लुई नेपोलियननें अमीराची मुक्तता केली. प्रथम तुर्कस्तानांतील बुर्सा येथें व १८५५ पासून दमास्कस शहरांत तो राहूं लागला. तेथें अध्ययन, अध्यापन व ईश्वरचिंतन ह्यांत त्याचे दिवस जात होते.

आतां दमास्कसची स्थिति पाहूं. हें शहर त्या वेळीं तुर्की साम्राज्यांत होतें. १८५६ सालीं सुलतानानें फर्मान काढून मुसलमानेतर प्रजेला समान दर्जा जाहीर केला. तत्त्व चांगलें होतें. पण तें युरोपीय राष्ट्रांच्या दडपणाखालीं आलें, असा लोकांचा समज झाला. युरोपांतील गिरण्यांच्या कापडामुळें दमास्कसच्या विणकरांचा धंदा बसला होता, आणि ह्या नव्या व्यापारांत कांहीं ख्रिस्ती व्यापारी परकीय वकिलातींच्या आश्रयानें सधन झाले होते. त्यांतच लष्करी चाकरीऐवजीं ख्रिस्ती लोकांनीं द्यावयाच्या कराचा तंटा पेटला. म्हणजे ज्याला आपण धर्मद्वेष म्हणतों, त्याच्या पोटांत पोटाचाच प्रश्न पुष्कळसा होता. १८६० च्या उन्हाळ्यांत लेबाननच्या डोंगरांत द्रूझ व मॅरोनाइट ख्रिस्ती ह्यांच्यांत युद्ध जुंपलें, आणि जीव घेऊन पळालेले ख्रिस्ती दमास्कसमध्यें येऊं लागले. आपल्याकडील १८५७ च्या उठावानंतर तीनच वर्षांनीं घडलेली ही गोष्ट आहे.

९ जुलै १८६० रोजीं निमित्त घडलें. ख्रिस्ती लोकांना हिणविण्यासाठीं रस्त्यांत क्रूस काढणाऱ्या कांहीं मुसलमान मुलांना बेड्या घालून रस्ते झाडावयास लावण्यांत आलें. तें पाहून जमाव खवळला. ख्रिस्ती वस्तींतील घरें व देवालयें जळूं लागलीं. तुर्की सुभेदारानें जमावाला आवरलें नाहीं. कित्येक दिवस लूट व कत्तल चालू होती. मेलेल्यांची संख्या हजारांनीं मोजावी लागली.

संकटाची चाहूल लागल्यापासून अमीर अधिकाऱ्यांना सावध करीत होता. दंगा उसळतांच तो आपल्या अल्जीरियन अनुयायांसह रस्त्यांत उतरला. सांपडतील तितक्या ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना, मुलांना, पाद्री व जोगिणींना त्यानें आपल्या घरीं आणलें. परकीय वकीलहि तेथेंच आश्रयास आले. ज्या फ्रान्सनें त्याला पांच वर्षें कोंडलें, त्याच फ्रान्सचा वकील आतां त्याच्या छपराखालीं होता. जमाव दाराशीं आला व ह्या लोकांना आमच्या स्वाधीन करा म्हणूं लागला. अमीरानें साफ नकार दिला. घर अपुरें पडूं लागलें तेव्हां त्यानें आश्रितांना बंदोबस्तानें शहरच्या किल्ल्यांत पोंचविलें. त्याचा चरित्रकार कर्नल चर्चिल सांगतो कीं, जिवंत आणून दिलेल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसामागें पन्नास पियास्तर देण्याचें त्यानें जाहीर केलें होतें. अशा रीतीनें हजारों जीव वांचले. ह्या कामीं अमीर एकटाच होता, असेंहि नव्हे. मैदान नांवाच्या वस्तींतील मुसलमान पुढाऱ्यांनीं आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचें रक्षण केलें.

पुढें तुर्की मंत्री फुआद पाशा आला. त्यानें दंगेखोरांना व स्वतः सुभेदारालाहि मृत्युदंड दिला. फ्रेंच सैन्य बैरूटला उतरलें, आणि १८६१ सालीं लेबाननला ख्रिस्ती सुभेदाराच्या हाताखालीं निराळी राज्यव्यवस्था मिळाली. परंतु दमास्कसचे कित्येक ख्रिस्ती बैरूटला निघून गेले ते परतलेच नाहींत. एका माणसाच्या धैर्यानें प्राण वांचतात; मोडलेलें शहर लगेच सांधलें जात नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

फ्रान्सनें अमीराला आपलें मोठें मानचिन्ह दिलें, पोपनें पदक दिलें, अब्राहम लिंकननें पिस्तुलांची जोडी पाठविली. रशियाच्या कैदेंत असलेल्या इमाम शामिल ह्या काकेशसच्या वीरानेंहि पत्रानें त्याची प्रशंसा केली. ख्रिस्ती सत्तेशीं आयुष्यभर लढलेल्या मुसलमानानें दिलेली ही पावती विशेष मोलाची होय. आणि अमीराचें स्वतःचें म्हणणें काय होतें? १८६२ सालीं अल्जियर्सचा बिशप पाव्ही ह्याला लिहितांना त्यानें सांगितलें कीं, आपण केलें तें इस्लामच्या धर्मशास्त्राला अनुसरून व मनुष्यमात्राच्या हक्कांना मान देऊन केलें. २६ मे १८८३ रोजीं दमास्कस येथें त्याचा अंत झाला.

आरंभीं घेतलेल्या प्रश्नाचें उत्तर ह्यांत आहे. अमीरानें आपला धर्म सैल केला नाहीं आणि द्युप्युशनेंहि आपला केला नाहीं. निरपराध माणसाचें रक्षण करणें हें दोघांनाहि आपापल्या धर्मानें घातलेलें बंधन वाटत होतें, आणि एकानें दुसऱ्याला त्याची आठवण करून दिली. त्या पत्रव्यवहाराला एकोणीस वर्षें होऊन गेल्यावर दमास्कसच्या दाराशीं जमाव आला, तेव्हां विचार करावयास वेळ नव्हता. पण विचार आधींच झालेला होता. दोन समाजांनीं शांततेच्या दिवसांत एकमेकांशीं बोलत राहावयाचें तें ह्याचसाठीं. दंगा सुरू झाल्यावर बोलणीं सुरू करूं म्हणणाऱ्यांना बहुधा उशीर झालेला असतो.