ऐरणीवरची चित्रं

बालमित्रांनो, लोखंड दोन तऱ्हांनी घडतं, बरं का! ओतीव लोखंड साच्यात ओततात. ते कडक, पण जोरात आपटलं की तडकतं. घडीव लोखंडात कार्बन अगदी कमी. म्हणून तापवून, ठोकून ते हवं तसं वळवता येतं.

या घडीव लोखंडाचं वेड सॅम्युएल येलिन यांना लागलं. पोरवयातच युरोपात ते लोहारकाम शिकले. पुढे अमेरिकेत जाऊन १९०९ साली त्यांनी फिलाडेल्फियात कारखाना काढला. गंमत म्हणजे, नक्षीचा नमुना ते पुष्कळदा कागदावर न काढता थेट ऐरणीवरच ठोकून काढत! भरभराटीच्या काळात त्यांच्याकडे २०० हून जास्त कारागीर होते. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेसाठी त्यांनी तब्बल २०० टन लोखंडी काम घडवलं.

मग १९२९ साली महामंदी आली. मोठी बांधकामं थांबली, कारागीर घटले. १९४० साली येलिन वारले. आता भट्टी विझणार? छे! मुलगा हार्वे आणि त्यानंतर नात क्लेअर यांनी घरचं काम पुढे नेलं.

तुमच्या गावात लोहार असेल, तर एकदा जाऊन बघा. लालभडक लोखंडावर घण नेमका कधी पडतो, ते नीट पाहा हं!